बर्मावाल्याच्या कायम मुक्कामाची चौकशी

विसरता आली असती तर बरं झालं असतं अशी एक केस माझ्या नोकरीत होऊन गेली, आणि तिची सुरुवात माझ्या बुटापासून झाली.

गोंडपिपरीच्या बाजूला, नदीपासून थोडं आत, ढिवरांचं एक गाव होतं. मासेमारी, थोडी धानाची शेती, उरलेल्या दिवसांत मजुरी. मी नवा ठाणेदार, कडक इस्त्रीचा गणवेश आणि त्याहून कडक चेहरा करून तलावाच्या पाळीवरून चाललो होतो. पाळीवर जाळं वाळत घातलं होतं. मी ते सरळ ओलांडलं. मागून माझे हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, जाळं वलांडत नसते. मासा रुसते म्हणतेत. जसे गेले तसेच वापस या." आता कायद्याच्या रक्षकानं माशाची समजूत काढायची! पण गावकरी बघत होते, म्हणून मी उलटा पाय टाकला. टाचेचा खिळा जाळ्यात अडकला आणि मी बसलो. म्हणजे बसलो असं मी लिहितो. हवालदार घरी गेल्यावर काय म्हणाले असतील ते वेगळं.

लुंगीसारखं काहीतरी नेसलेला एक पिकल्या केसांचा माणूस पुढे आला. खाली बसून त्यानं माझा बूट मांडीवर घेतला आणि एकही धागा न तोडता खिळा सोडवला. मी त्याला ऐटीत विचारलं, "काय रे, इथं तो बर्मावाला परदेशी राहतो तो कुठं आहे?"

तो म्हणाला, "मीच तो, साहेब."

मी ज्याला पकडायला गेलो होतो त्यालाच मी गावकरी समजलो. पुढे जे झालं ते पाहता, त्या गावात त्याच्याबद्दल खरं बोललेला पहिला माणूस मीच. तेही चुकून.

या केसची खबर बाजाराच्या दिवशी आली होती. ठाण्यात बाजाराचा दिवस म्हणजे कोंबडीचोरीचा आणि दारूच्या भांडणांचा. त्या गर्दीत एक चाळिशीचा गडी दाराशी उकिडवा बसून राहिला. सगळे गेल्यावर आत आला. "साहेब, आमच्या गावी एक परका मानूस येऊन राह्यला. बर्मातून आलो म्हणते. माह्या मायले माय म्हणते. आमाले भेव वाटते. त्याले घेऊन जा."

"तुमचा कोणी लागतो का?"

"माहा मोठा भाऊ होता, तो तिकडं पाण्यात गेला. हा कोन आहे आमाले ठाव नाई."

त्या काळात परदेशी माणूस ठाण्याला न कळवता राहिला तर तो गुन्हाच होता. नुकताच नागरिकत्वाचा नवा कायदाही आला होता आणि त्याचं परिपत्रक मी पाठ केलेलं होतं. त्याच सुमाराला राज्यांची मांडणी बदलली होती. आम्ही मध्यप्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो. ठाण्याचा शिक्का बदलला, पाटी बदलली, मी मात्र त्याच खुर्चीत. माझ्याकडे कोणी अर्ज मागितला नाही की माझी चौकशी केली नाही. हे तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

त्या माणसाला ठाण्यात आणून मी जबानी घेतली. तो बोलायला लागला आणि हवालदार लिहायचं सोडून ऐकत बसले, कारण त्याची बोली त्यांच्या आजोबांसारखी होती. मधेच हिंदी, मधेच एखादा बर्मी शब्द. त्याचं म्हणणं असं: लग्नाला थोडे दिवस झालेले असताना तो एका ठेकेदाराबरोबर नदीनं खाली सिरोंच्याला गेला, तिथून गोदावरीच्या मुखापर्यंत, आणि तिथून जहाजानं बर्मात. सागाचे ओंडके बांधून त्यांचे तराफे मोठ्या नदीतून सोडायचे, हे काम. पाण्यातला माणूस म्हणून तिथल्या सरकारी जंगलखात्यानं त्याला पक्कं ठेवून घेतलं. पुढे तो देश स्वतंत्र झाला.

"मंग सायेब म्हणाला, सरकारी नोकरी पायजे तं आमच्या देशाचा मानूस हो, अंगठा लाव. नाई तं घरी जाय. मी अंगठा लावला." अंगठ्याकडे बघत तो म्हणाला, "पोटाचा इचार केला. घरी गेलो असतो तं बरं झालं असतं."

"घरी कळवलं का नाही कधी?"

"लिवता येत नाई. येनाऱ्या जानाऱ्या मानसापाशी निरोप धाडला. पोचला का नाई, कोन सांगन." मग खाली बघत म्हणाला, "आन् तिकडं एक बाई केली होती मी. लबाड काऊन बोलू. लेकरू झालं नाई. ती मेली, नोकरी सरली, मंग इकडची याद आली."

त्याच्याकडे तिकडचा पासपोर्ट होता आणि इथं राहण्याचा परवाना. परवान्याची मुदत संपत आली होती. ठाण्यात नोंद का केली नाही, असं विचारल्यावर तो खरोखर बुचकळ्यात पडला. "माह्या गावी आलो, तं ठान्यात काय सांगू? मी आलो म्हनून?"

मला त्याची दया आली, आणि थोडा आनंदही झाला, कारण परिपत्रक वापरायची संधी आली. मी त्याला मास्तरासारखं समजावलं. वाटा तीन. पहिली: तू किंवा तुझे आईबाप याच देशात जन्मले असं सिद्ध झालं तर नोंदणी करून इथला नागरिक होशील, मग कायमचा राहा. दुसरी: परदेशी म्हणूनच राहायचं. त्याला दरवर्षी परवाना वाढवावा लागतो आणि दरवर्षी चौकशी होते. तिसरी: परत जायचं.

"तिकडं माहं कोनी नाई," तो म्हणाला. "मले मायपाशी मराचं आहे. पयली वाट लिवा."

अर्ज मीच सांगितला, हवालदारांनी लिहिला, त्यानं अंगठा केला. चांद्याच्या जिल्हा कचेरीतून तो अर्ज चौकशीसाठी फिरून माझ्याकडेच आला. जन्माची नोंद कुठे सापडेना, तेव्हा गावाच्या साक्षीवर सगळं येऊन ठेपलं. आईनं एकदा "हा माझा" म्हटलं की काम संपत होतं.

मी गावात चावडीवर बसलो आणि एकेकाला बोलावलं. गावातल्या वडीलधाऱ्यांपासून सुरुवात केली. "त्यायचा मोठा पोरगा पाण्यात गेला. हा कोन आहे आमाले ठाव नाई." शेजारी आला. "तो पाण्यात गेला. हा कोन आहे आमाले ठाव नाई." मग आई आली. वाळलेली, ताठ म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू. त्या माणसाला मी मुद्दाम तिच्यासमोर उभा केला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "माहा पोरगा पाण्यात गेला. हा कोन आहे मले ठाव नाई, बापू."

त्याची मान हळूहळू खाली गेली, जशी ओलं जाळं खांद्यावर घेतल्यावर जाते.

पोलिसांत काही वर्षं काढली की एक गोष्ट कळते. खरं सांगणारे साक्षीदार एकमेकांशी भांडतात. बैल चोरीला गेला तर एक म्हणतो शिंगं वाकडी, दुसरा म्हणतो सरळ, तिसरा म्हणतो बैल नव्हताच, गोऱ्हा होता. इथं सगळ्या गावाच्या तोंडी एकच वाक्य, तेही त्याच क्रमानं. परतताना मी हवालदारांना म्हटलं, "यांनी पाठ केलंय." ते म्हणाले, "केलं असन, साहेब. पन काऊन? या गावाले त्याचा काय तरास?" जमिनीचा तुकडा नाही, जुनं वैर नाही. तो तर तलावाच्या काठी एका पडक्या झोपडीत राहत होता, लोकांची जाळी फुकट दुरुस्त करून देत होता. शिवाय त्याच तलावाकाठी तेलुगू बोलणारा एक भटका कित्येक वर्षं राहत होता. त्याच्याबद्दल कोणी ठाण्यात आलं नव्हतं.

तक्रार घेऊन आलेल्या धाकट्या भावाचं घर मी पुन्हा विचारात घेतलं. घरात आई, तो, त्याची बायको आणि लग्नाला आलेली एक मुलगी. मुलीची सोयरीक नदीपलीकडच्या गावात जुळत आली होती. बायकोचीही जबानी घेतली होती. तीही तेच वाक्य बोलली, फक्त पदर तोंडावर धरून. बाईमाणूस पोलिसाला लाजते, असं मी समजलो. माझी समजूत नेहमी अशीच जलद असते.

चांद्याहून स्मरणपत्र आलं. परवान्याचे दिवस सरत होते. मी पुन्हा त्या गावी गेलो तो नेमका पितरांच्या अमावस्येचा दिवस निघाला. घरोघरी तळणाचा वास. प्रत्येक घराच्या छपरावर, कवेलूंवर, पळसाच्या पानांच्या पत्रावळी ठेवलेल्या, आणि कावळे तर असे माजलेले, की ठाण्यातले शिपाईही एवढे ऐटीत चालत नसतील. माझ्या घरीही आई असंच करायची. आजोबांचं पान, काकांचं पान, लहानपणी गेलेल्या माझ्या बहिणीचं इवलंसं पान. नाव घेऊन वाढायची. एकाचंही विसरायची नाही.

धाकट्याच्या घराच्या कवेलूंवर एकच पान होतं.

मी अंगणात उभा राहिलो. धाकटा पुढे आला. मी सहज विचारावं तसं विचारलं, "हे कोणाचं पान?"

"बाचं, साहेब."

"आणि पाण्यात गेलेल्या भावाचं?"

त्यानं आईकडे पाहिलं. शेजारच्या अंगणातली बाई भांडं घासायची थांबली. तो म्हणाला, "ठेवतो ना. ठेवाचं राह्यलं."

"मग ठेवा. मी थांबतो," असं म्हणून मी ओट्यावर बसलो.

दरडावून, चहा पाजून, दोघांना वेगळं बसवून, नाना तऱ्हांनी मी माणसांना बोलतं केलं आहे. त्या दिवशी मी काहीच केलं नाही, नुसता बसलो. म्हातारी आत गेली, पत्रावळ घेऊन आली. भात वाढला. वडा ठेवला. कढी घातली. आता नाव घ्यायचं आणि पान वर द्यायचं, एवढंच उरलं होतं. धाकटा शिडीजवळ हात पुढे करून उभा. म्हातारीचे ओठ हलले आणि थांबले. समोर तलावाच्या पाळीवर तो माणूस कोणाचं तरी जाळं विणत बसलेला दिसत होता. तिला मोतीबिंदूतून किती दिसत होतं कोण जाणे. ती पान मांडीवर घेऊन खाली बसली.

"नाई होत, बापू," ती म्हणाली. "जित्त्या पोराचं पान मी नाई ठेवत. माह्यानं नाई होत."

केस फुटली. इतक्या स्वच्छपणे माझ्या हातून दुसरी केस फुटली नाही. मनात मी खूष झालो हे लपवत नाही, कारण पुढच्या घटकेत ती खुषी उतरली.

म्हातारी बोलायला लागली ती थांबेना. मोठा बर्मात गेल्यावर काही वर्षांनी त्याच्याबरोबरचा एक जण परत आला. त्यानं सांगितलं, पुरात तराफा फुटला, तो गेला. यांनी गवताचा पुतळा करून जाळला, दहावा केला, तेरावा केला. सून तरणी. त्यांच्यात पाटाची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची रीत. जातीच्या पंचांसमोर धाकट्याशी तिचा पाट लावला. मुलगी झाली. "आता हा आला, चांगला तरणाताठा नाई तं नाई, पन जित्ता आला. गाव आमच्यासाठी चूप आहे. मी म्हनली, हा माहा पोरगा, तं सून कोनाची? दोन भावांची? नात कोनाची? पंच घर वाळीत टाकतीन. तलावाचा वाटा जाईन. नातीचं लगन मोडन. सांग बापू, एका पोराले घरात घेऊ, आन् दुसऱ्याचं घर मोडू?"

"त्याला हे माहीत आहे?"

"आला त्याच दिवशी तिले पाह्यलं त्यानं. पानी मांगितलं. तिनं धाकट्याले नवऱ्यावानी हाक मारली, 'अवो, पावना आला' म्हनून. तो पानी पेला आन् पाळीवर जाऊन बसला."

तेवढ्यात सून मागच्या दारातून आली. या वेळी पदर तोंडावर नव्हता. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "साहेब, मी एका मानसाचं मरन रडून मोकळी झाली. बांगड्या फोडल्या, पुन्हा भरल्या. आता त्याचं जितेपन आनून कुठी ठेवू? तुमच्या कागदात जागा असन तं ठेवा." आणि म्हातारीच्या मांडीवरचं पान उचलून ती आत घेऊन गेली.

मी पाळीवर गेलो. त्याच्याजवळ बसलो, या वेळी जाळ्याला वळसा घालून. त्याला सांगितलं, "तुझ्या आईनं कबूल केलं. मी अहवाल लिहितो. तुझी पहिली वाट मोकळी आहे."

त्यानं विणणं थांबवलं नाही. "आन् त्यायचं काय?"

"ते पंच आणि ते बघतील. ते माझ्या चौकशीत येत नाही." हे वाक्य मी खरंच बोललो. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरही होतं.

"तं लिवा, मी तो नाई."

"खोटं मी लिहीत नाही."

"बरं. तं मी अर्ज मांगं घेतो. अर्ज माहा आहे ना? का तोबी सरकारचा?"

मी त्याला दुसरी वाट पुन्हा सांगितली. परदेशी म्हणून राहा, मी शिफारस करतो, दरवर्षी परवाना वाढवून घेऊ. तो हसला. त्या केसमध्ये त्याला हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं. "दरसाल तुमी येसान, साहेब. दरसाल मायले इचारसान, हा कोन. दरसाल तिनं माहं तोंड पाहून नाई म्हनाचं. म्हातारीले कितीदा लबाड बोलवता? आन् नातीच्या लग्नात मी कोन म्हनून उभा राहू? नोका."

"तिकडं तुझं कोणी नाही म्हणालास."

"इकडं आहेत. म्हनूनच तं."

अर्ज मागे घेतल्याचा कागद हवालदारांनी लिहिला. एरवी त्यांचं अक्षर सुरेख असतं, त्या दिवशी ते मला दोनदा वाचावं लागलं. अंगठा घेताना त्यांनी त्याची बोटं स्वतःच्या रुमालानं पुसली. नियमात नव्हतं ते.

मुदत संपायच्या आत मी त्याला बल्लारपूरला नेलं. तिथून मद्रासची गाडी आणि मद्रासहून जहाज. गावापासून मोटारीच्या थांब्यापर्यंत धाकटा त्याची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मागे चालला. थांब्यावर त्यानं पेटी टपावर चढवली, दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली. सोडून पुन्हा बांधली. मोटार सुरू झाली तरी तो गाठच बघत होता, थोरल्याकडे नाही. म्हातारी घराबाहेर आली नव्हती. सून धानात होती. कापणीला अजून वेळ होता, तरी ती धानातच होती.

बल्लारपूरच्या फलाटावर मी त्याला चहा घेऊन दिला. त्यानं मला विचारलं, "साहेब, तिकडचे लोक इचारतीन, गावी गेलता, तं काऊन वापस आला? काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, परवाना संपला."

"हो," तो म्हणाला. "हे बरं आहे. हे कोनालेबी समजते."

ठाण्यात येऊन मी डायरीत नोंद केली: अर्जदाराने अर्ज स्वखुशीने मागे घेतला, मुदतीत देश सोडला, तक्रार नाही. वरून 'निकाली' असा शेरा आला. त्या वर्षी परदेशी व्यक्तींच्या कामकाजात आमचं ठाणं अगदी निर्मळ ठरलं. मुलीचं लग्न झालं. मला पत्रिका आली नाही, ते योग्यच झालं.

या केसनं मला काय शिकवलं, असं नातवंडं विचारतात. त्यांना चोर पकडलेल्या केसेस जास्त आवडतात, म्हणून मी विषय बदलतो. पण खरं सांगायचं तर एवढंच शिकलो: खोटं म्हणजे गुन्हा झाकायचं फडकं, असं पोलीस धरून चालतो. त्या गावात गुन्हाच नव्हता. एक संपूर्ण गाव खोटं बोलत होतं आणि त्या एका घरापलीकडे कोणाला त्याचा फायदा नव्हता. मी ते खोटं फोडलं. त्यातून मिळालेल्या खऱ्याचं काय करायचं, हे परिपत्रकात नव्हतं. परिपत्रकाला दोष देत नाही. तीन वाटा त्यात अगदी व्यवस्थित लिहिल्या होत्या.

बल्लारपूरहून परतलो त्या संध्याकाळी बायको लाखोळीची डाळ निवडत बसली होती. ती वरोऱ्याची. बोलण्यात काटकसर हा तिच्या माहेरचा गुण, माझ्यात नाही. मी तिला सगळं सांगितलं. कसं ओळखलं, कसं बसलो, म्हातारी कशी बोलली, हेही जरा रंगवूनच सांगितलं असेल. अर्ज त्यानं स्वतःच मागे घेतला, हे दोनदा सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली,

"मंजे तो कोनी बाहेरचा असता, तं राह्यला असता तिथंच. घरचाच निंगाला, म्हनून घालवला तुमी."

आणि दिवा लावायला उठली.